पेगी डोंगर सोडत नाही

हॅना माउन्सीचा उभा जन्म मेंढ्यांमागे गेला. इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या तिच्या डोंगराला कुंपण म्हणून नाही, तरी मेंढ्या हरवत नाहीत. आईमागे हिंडता हिंडता कोकरू आपली चरायची जागा शिकतं आणि मरेपर्यंत तीच धरून राहतं. म्हणून तिकडे शेतघर दुसऱ्याच्या हाती गेलं की कळपही घरासोबतच राहतो, चुलीसारखा.

गुडघे कुरकुरायला लागले तसं हॅनानं शेतघर सोडलं आणि खाली तळ्याकाठच्या गावात धाकट्या बहिणीकडे, एनिडकडे, राहायला आली. वर कर्स्टी आणि तिचा नवरा, असं तरुण जोडपं आलं. कळप त्यांना दिला, पण पेगी या एका मेंढीला मात्र हॅनानं सोबत आणलं. पेगीची आई विताना गेली, तेव्हा हॅनानं तिला चुलीपाशी खोक्यात ठेवून बाटलीनं दूध पाजलं होतं. पुढे ती कळपात गेली खरी, पण तिला डोंगराचं काही नाही, तिला मी हवी, असं हॅना भेटेल त्याला ऐकवायची.

आठवडा झाला नाही तोच पेगीनं एनिडचे गुलाब फस्त केले, फाटकावरून उडी मारली आणि वर डोंगरावर पसार झाली. कर्स्टीनं गाडीत घालून आणून सोडली. पुन्हा पळाली. हॉटेलात उतरलेले पाहुणे तिचे फोटो काढायचे. गावाचं पोट हल्ली या पाहुण्यांवरच चालतं म्हणा. लोकर विकून कातरणाऱ्याचा चहासुद्धा सुटत नाही. हॅना वरवर हसायची, पण आत तिला फार लागलं होतं. सगळं दिलं, एवढी एक मेंढी माझी म्हणून ठेवली, आणि तिलाही मी नकोशी?

पेगी पुन्हा पळाली तेव्हा हॅनानं खुंटीवरची दोरी घेतली.

"या खेपेला मी जाते. माझी हाक ऐकली की धावत येईल बघ."

"आणि गुडघे?" एनिडनं विचारलं.

"ते येतील मागून."

बसमधून ती डोंगराच्या पायथ्याशी उतरली. भुरभुर पाऊस लागला होता. तिकडे तो नसतो कधी? दगडी गडग्याच्या कडेनं चढताना ती पेगीची खरडपट्टी मनातल्या मनात जुळवत होती. कृतघ्न मेली. माझ्या हातचं दूध प्यायलीस आणि माझ्याकडेच पाठ फिरवतेस? असं पुटपुटता पुटपुटता चढ कधी संपला तिला कळलंही नाही.

किटलीला वाफ आली तेव्हा मागचं दार उघडलं. दारात बादली घेऊन कर्स्टी उभी होती.

हॅनानं वळून पाहिलं. खिडकीला भलतेच पडदे होते, खुर्चीवर कुणाचातरी स्वेटर पडला होता. तिचे स्वतःचे बूट दाराशी नीट लावून ठेवलेले, कोट दारामागच्या खिळ्यावर, आणि हातात कप. जुन्या सवयीनं, दार न वाजवता ती सरळ आपल्या सोडलेल्या शेतघरात आली होती आणि तिनं चहाला आधण ठेवलं होतं. शरमेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी पेगीला न्यायला आले होते गं," ती कशीबशी म्हणाली.

कर्स्टीनं बादली खाली ठेवली. "आणि कप एकच काढलात? मला नको का चहा, हॅनाबाई?"

खिडकीतून वरचा उतार दिसत होता. ओढ्याकाठी, आपल्या नेहमीच्या दगडापाशी, पेगी पावसात निवांत चरत होती. हॅना बघत राहिली. डोळे भरून आले आणि त्यातच तिला हसू फुटलं. बिचारीला उगाच बोल लावला, असं तिला वाटलं. तिनं दोरी खिळ्याला अडकवली आणि दुसरा कप काढला.

संध्याकाळी कर्स्टीनं हॅनाला गाडीत घातलं आणि खाली आणून सोडलं, पेगीला सोडायची तशी. एनिड फाटकातच उभी होती.

"मेंढी कुठाय?"

"घरी," हॅना म्हणाली, आणि आत गेली.

एनिडनं कडी लावायला हात उचलला, पण फाटक तसंच उघडं ठेवलं.