लेम पेटवेचे दोन्ही हात

बुधवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. घरकुल खात्याच्या दुसऱ्या इमारतीत चौदा नंबरच्या दारापुढे लेम्युएल पेटवे गुडघे टेकून बसला होता आणि जुनं कुलूप सोडवत होता. चारपैकी तीन स्क्रू निघाले होते. चौथ्यावर कुणीतरी रंग फासला होता. कमरेचा पट्टा उजव्या बाजूला सैल पडला होता. एकतीस वर्षं तिथं पिस्तूल असायचं. गेले पाच आठवडे ते शेरीफच्या पोलीस कचेरीत, मोहोरबंद पाकिटात, पुरावा म्हणून पडून होतं.

फोन वाजला. वकीलबाई होत्या, रोझलिंड टक.

"पेटवे, बसला आहात का?"

"गुडघ्यावर आहे."

"तसेच राहा. उद्यासाठी सरकारी साक्षीदारांची यादी आली. पहिलं नाव डेप्युटी ब्रॅडिक. दुसरं ग्लेन हॉस्टेटर."

"चुकून पडलं असेल, बाई. ग्लेन आपल्या बाजूचा आहे."

"मलाही तसंच वाटलं. जबाबाखाली सही त्याचीच आहे. वाचू?"

लेम म्हणाला, वाचा. जबाब चार ओळींचा होता. आपण त्या वेळी फोनशी खटपट करत होतो, पेटवेचा उजवा हात कुठे होता ते आपण सांगू शकत नाही, आपल्याजवळ कसलंही चित्रण नाही.

लेमने चौथा स्क्रू काढला, नवं कुलूप बसवलं, किल्ली तीनदा फिरवून पाहिली आणि मग उठला.

लेम छप्पन्न वर्षांचा, कुलपांचा कारागीर. ओहायो नदीकाठच्या या गावात निम्म्या दारांना त्याचा हात लागलेला. रिकाम्या घरांत, अनोळखी गल्ल्यांत एकट्याने जायचं काम, म्हणून पंचविसाव्या वर्षी त्याने पिस्तूल घेतलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं कमरेला लावलं. इथं ते कायद्याने चालतं. लपवून ठेवलं तर लोक वेडंवाकडं बोलतील, असं तेव्हा त्याच्या बायकोचं, ऑर्डेलचं म्हणणं पडलं. उघडं ठेवलं तरी लोक बोललेच.

गावच्या नेमबाजी क्लबात एक्केचाळीस सभासद, त्यात काळे दोन. त्यातला एक लेम. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नव्या सभासदांचा वर्ग असे: कमरेला हत्यार आहे आणि पोलिसाने अडवलं, तर काय करायचं. वर्ग घेत लेम आणि ग्लेन. ग्लेन गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणारा, गोरा, लेमहून दोन वर्षांनी लहान. एकोणीस वर्षांची दोस्ती. वर्गात ग्लेन पोलीस व्हायचा आणि लेम अडवला गेलेला माणूस.

"दर वेळी मीच का रे?" लेम विचारायचा.

"अरे, तुला खरोखरचा सराव असतो. मला कोण अडवतंय?" ग्लेन म्हणायचा आणि वर्ग हसायचा. लेमही हसायचा.

नियम लेमने बसवले होते. हात उघडे, छातीपासून लांब. काही करायच्या आधी काय करणार ते बोलून दाखवायचं. पिस्तुलाकडे बोट करायचं नाही, मानही वळवायची नाही. पोलीस म्हणाला की काढून खाली ठेव, तरी स्वतः हात लावायचा नाही. तुम्हीच काढून घ्या म्हणायचं. कारण पोलिसाच्या कानाआधी त्याचा डोळा चालतो. वाद रस्त्यावर घालायचा नाही, कोर्टात घालायचा. आणि शेवटचा नियम, ज्यावर बाकीचे उभे होते: जोडीने जायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने दहा पावलं मागे राहून फोनवर सगळं टिपायचं. बोलणाऱ्याच्या अंगावर फोनसुद्धा नको. हातातली काळी वस्तू लांबून काय दिसेल सांगता येत नाही. लेम स्वतःचा फोन ट्रकमध्येच ठेवायचा.

सप्टेंबरातल्या वर्गानंतर दोघे कुलपांचं सामान घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. अकरा वाजून वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा कुणीतरी आधीच पोलिसांना फोन केला होता: बंदूकवाला माणूस, उंच, काळा. शेरीफच्या हाताखालच्या ब्रॅडिकची पोलीसगाडी आडवी येऊन थांबली. तो गाडीच्या उघड्या दाराआड उभा राहिला, हत्यार रोखून.

"सर, हात वर!"

लेमने हातातला सामानाचा खोका खाली सोडला आणि हात वर केले. ग्लेन दहा पावलं मागे सरकला.

"पिस्तूल काढा, जमिनीवर ठेवा!"

"साहेब, मी त्याला हात लावणार नाही. माझे हात इथंच राहतील. तुम्ही येऊन काढून घ्या."

"मी काय सांगितलं? काढा!"

"ऐकलं, साहेब. हात लावला तर तुम्ही घाबराल. मला आज जेवायला घरी जायचंय."

ब्रॅडिकने त्याला पालथं पाडलं, हातकड्या घातल्या, चाळीस मिनिटांनी सोडलं. पिस्तूल ठेवून घेतलं आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लावला. अहवालात लिहिलं: आदेश धुडकावला, उजवा हात पट्ट्याकडे गेला. गाडीतल्या कॅमेऱ्यात गाडीचं बॉनेट आणि लेमचा डावा खांदा एवढंच आलं होतं.

ट्रकमध्ये ग्लेनने फोन पुढे केला. "बघ. एक मिनिट बावन्न सेकंद. मर्दा, तुझे हात नुसते खांबासारखे!" लेमने ते दोनदा पाहिलं. हात शेवटपर्यंत वर होते.

त्या दिवशी त्याला भीती वाटली नाही. कायदा त्याच्या बाजूने होता आणि पुरावा ग्लेनच्या खिशात. गुन्हा शाबित झाला तर मात्र घरकुल खात्याचं काम जाणार होतं. डागाळलेल्या माणसाच्या हाती खातं दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या देत नाही. तीनशे बारा दारं. लेमचं निम्म्याहून जास्त काम तेच. वकीलबाई दर आठवड्याला चित्रण मागायच्या. ग्लेन म्हणायचा, पाठवतो. मग म्हणाला, फोन दुरुस्तीला दिलाय. मग म्हणाला, कोर्टात स्वतःच घेऊन येतो. फोन जप्त करायची नोटीस काढू का, असं बाईंनी विचारलं तेव्हा लेम जवळजवळ रागावला होता. "ग्लेन म्हणालाय ना? मग आणणार."

ऑर्डेल तेव्हाच म्हणाली होती, "तू जगातल्या सगळ्या कुलपांवर संशय घेतोस, आणि त्या माणसाला उघडं दार समजतोस."

दुपारी बाराला लेम ग्लेनच्या शेडवर गेला. ग्लेन एका यंत्राचं पातं घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"आलास? मला वाटलंच."

"चित्रण कुठंय?"

"नाहीये."

"मी पाहिलंय, ग्लेन. तुझ्याच हातात, दोनदा."

"पुसलं."

"कधी?"

ग्लेनने पातं ठेवलं. "त्याच रविवारी."

लेमने हिशेब केला. पाच आठवड्यांतले 'पाठवतो', 'दुरुस्तीला दिलाय', 'घेऊन येतो', हे सगळे पुसल्यानंतरचे.

"केंड्राचा भरतीचा अर्ज शेरीफकडे पडलाय," ग्लेन म्हणाला. केंड्रा त्याची मुलगी. चौदाव्या वर्षी तिला नेम धरायला लेमने शिकवलं होतं. "दोन वर्षं झटतेय पोरगी. ब्रॅडिकचा मेहुणा निवड समितीत आहे. बाप डेप्युटीला खोटं पाडायला कोर्टात उभा राहिला, तर घेतील तिला?"

"मला सांगायचं होतंस. मी दुसरी काही वाट काढली असती."

"कसं सांगणार, लेम? तू ऐकलं असतंस?"

"ऐकलं असतं. आवडलं नसतं. गप्प राहिला असतास तरी मी समजून घेतलं असतं. तू जबाब दिलास."

"त्यांनी विचारलं. मी खोटं नाही लिहिलं. हात कुठं होता ते सांगू शकत नाही, एवढंच लिहिलं."

"सांगू शकतोस. सांगणार नाहीस."

ग्लेन उठला, हात पुसले. "हे बघ, तुला होऊन होऊन काय होईल? दंड. दुसरं काम मिळेल. कुलपं काय सगळ्या गावाला आहेत. केंड्राचं आयुष्य आहे हे. आणि तसंही, तुमच्या लोकांना असल्या गोष्टी..." तो थांबला.

"बोल की."

"जाऊ दे."

"सवय असते. असंच ना?"

ग्लेनने पातं पुन्हा उचललं. एकोणीस वर्षांत 'तुमचे लोक' हे शब्द त्या शेडमध्ये पहिल्यांदा आले होते. लेमला ते नवे वाटले नाहीत, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. वर्गातल्या हशातही ते होते. तो स्वतः दर महिन्याला त्या शब्दांवर हसत आला होता.

"दहा पावलं मागं," लेम म्हणाला. "तो नियम मी तुझ्यासाठी केला होता, ग्लेन. गोळी सुटली तर तुला लागू नये म्हणून."

तो निघाला. ग्लेन दारापर्यंत आला नाही.

चारला वकीलबाईंच्या कचेरीत सरकारचा निरोप तयार होता. किरकोळ गैरवर्तन कबूल करा. पिस्तूल परत मिळेल, तुरुंग नाही, प्रकरण आजच मिटेल.

"आणि खात्याचं काम?"

"जाईल," बाई म्हणाल्या. "कबुली ती कबुलीच. लढलात तर वाचायची शक्यता आहे, पण तुमच्या शब्दाविरुद्ध दोन माणसं. खरं सांगू? मी तुमच्या जागी असते तर सही केली असती."

"हात खाली गेला होता, असं लिहावं लागेल?"

"आदेश पाळला नाही, एवढं."

"आदेश का पाळला नाही, ते कुठं लिहितात?"

"कुठंच नाही."

लेमने कागद उलटा करून परत सरकवला. "मी बोलेन. आजवर दुसऱ्यांना शिकवलं ते उभं राहून सांगेन. पटलं तर पटलं."

"सरकारी वकील विचारेल, तुमच्या सोबत्यानं का नाही पाहिलं."

"त्यालाच विचारा. शपथ घेऊन उभा असेल तो. पुसलं का, एवढंच विचारा."

बाईंनी ते लिहून घेतलं. साडेचारला लेमने क्लबाच्या सचिवाला फोन करून पहिल्या शनिवारचा वर्ग रद्द करायला सांगितलं. सचिव म्हणाला, ग्लेनने दुपारीच कळवलंय, तो एकटा घेईल.

कोर्टाच्या दारावर उद्याचं पत्रक पाच वाजता लागलं. गुरुवार, सकाळी नऊ, खोली दोन, तिसरा खटला. सरकारी साक्षीदार: ब्रॅडिक, हॉस्टेटर. बचावाचा साक्षीदार: पेटवे. त्याआधी सव्वासातला लेमच्या वहीत एक काम आहे, तिसऱ्या इमारतीतलं वीस नंबरचं मागचं दार.