कोठडीत डोळे आले

ऐंशीच्या आसपास डोळ्यांची साथ आली, तेव्हा मी पिंपरीकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका पोलीस ठाण्यावर शिपाई होतो. ज्याला बघावं त्याचे डोळे लालभडक. शिफ्ट सुटली की कामगार एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने डोळे टिपत जायचे. आजारी माणसाकडे नुसतं बघितलं तरी डोळे येतात, असं लोक छातीठोकपणे सांगत. आमच्या साहेबांनीही काळा चष्मा घेतला होता आणि ठाण्याच्या अंधाऱ्या खोलीतही ते तो काढत नसत.

ठाण्याला कोठड्या दोन. एकीत माणसं आणि दुसरीत मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू: चोरीच्या सायकली, हातभट्टीच्या दारूच्या ट्यूबा, तांब्याच्या तारेची भेंडोळी. माणसांच्या कोठडीत पाच-सहा जण कसेबसे आडवे होत. त्या आठवड्यात संपामुळे एका कंपनीच्या गेटवर मारामारी झाली आणि दहा-बारा कामगार एकदम आत आले. त्यांच्यातच निघोज्याकडचा एक सायकलचोर आणून कोंबला. त्याचे डोळे चिपडांनी चिकटले होते. प्यायला माठ एक, तोंड धुवायला टमरेल एक आणि पुसायला ज्याचा त्याचा सदरा. दोन दिवसांत निम्मी कोठडी डोळे चोळत बसली.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, मुद्देमाल मागच्या शेडमध्ये हलवू आणि डोळे आलेली माणसं तिकडे ठेवू."

"मुद्देमाल कोर्टाचा आहे. एक सायकल कमी भरली तर तू भरून देणार?"

"आणि माणसं कुणाची, साहेब?"

त्यांनी डोळे वटारले असावेत. चष्म्यामुळे मला दिसले नाहीत.

त्या कामगारांत लातूरकडचा एक तरुण होता. कंपनीत तयार माल तपासायचं त्याचं काम. केसाएवढा ओरखडाही त्याच्या नजरेतून सुटत नाही, असं त्याचे सोबती कौतुकाने सांगायचे. त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. गज चाचपत तो पुढे यायचा आणि म्हणायचा, "हवालदार, बाकीचं राहू द्या, माझ्या डोळ्यांचं तेवढं बघा. माझं पोट त्याच्यावरच हाय."

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, रोग्याला आणा, तपासल्याशिवाय औषध देता येत नाही. न्यायचं तर सोबत पोलीस हवेत, आणि पोलीस मागितले तर ठाण्यात उत्तर मिळालं की सगळा बंदोबस्त कंपनीच्या गेटवर लागलाय. डॉक्टरांनी ठाण्यातल्या पोलिसांसाठी आधीच मलमाची एक नळी दिली होती. त्यातलंच मलम मी दर खेपेला साबणाने हात धुऊन एकेकाच्या डोळ्यांत घातलं. दीड दिवसात नळी पिळून चपटी झाली. तोवर माझेही डोळे आले होते. रजा मागितली, तर साहेब म्हणाले, पहाऱ्याला डोळे कशाला लागतात, कुलूप तर आहे. मी घरी न जाता ठाण्याच्या ओट्यावरच झोपायला लागलो. घरी तान्ही मुलगी होती.

मग कोर्टाची तारीख आली. गाडीतून माणसं उतरतात न उतरतात तोच एक कारकून तोंड फिरवून ओरडला, "परत न्या! ही साथ इथं नको." आरोपी हजर नाहीत, म्हणून जामीन नाही. जामीन नाही, म्हणून पुन्हा तीच कोठडी आणि तेच टमरेल. डोळे निवळल्याशिवाय सुटका नाही आणि सुटका झाल्याशिवाय डोळे निवळायचं नाव नाही. आजही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

यथावकाश सगळे सुटले. बाकीच्यांचे डोळे बरे झाले. लातूरकडच्या त्या तरुणाच्या उजव्या डोळ्यात मात्र फूल पडलं आणि डाव्यानेही अंधुक दिसू लागलं.

संप मिटल्यावर तो ठाण्यात आला. कंपनीने त्याला सांगितलं होतं, माल तपासायला तू आता चालणार नाहीस. डोळे कोठडीत असताना गेले, एवढं ठाण्याने लिहून दिलं तर दुसरं काही काम देता येईल का, ते बघू.

साहेब म्हणाले, "याला दवाखान्यात नेल्याची नोंद कुठाय?"

"नेलंच नव्हतं, साहेब," मी म्हणालो.

"मग आजारी होता कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी मोठ्याने म्हणालो, "मी होतो तिथं. माझ्या हाताने मलम घातलंय. मी लिहून देतो."

"तू डॉक्टर आहेस?"

दोघे-तिघे हसले. तो तरुण भिंतीला हात लावत पायऱ्या उतरला आणि फाटकापाशी जाऊन वळला.

"हवालदार," त्याने तिथूनच विचारलं, "तुमचे डोळे झाले का बरे?"

मला त्याचा भयंकर राग आला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. मी नुसती मान हलवली. तो तसाच उभा राहिला, उत्तराची वाट बघत. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की एवढ्या लांबून त्याला माझी मान दिसत नाहीये.

"झाले," मी ओरडून सांगितलं.