काच धुणारे आबा

देवपूरच्या कॉलेजात मी संशोधन करायचो, तेव्हा प्रयोगशाळेतल्या काचेच्या पट्ट्या आबा नावाचे एक वयस्क शिपाई धुवायचे. त्या काचांवर मी टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर चढवायचो. आम्लात बुडवून वीज दिली की तो निळा व्हायला हवा. पण बुडवताच काचेवरून सुटून यायचा.

आबा काचेवर श्वास सोडायचे. वाफ एकसारखी पसरली नाही, की म्हणायचे, “भाऊ, काच आजून मळकी शे.”

माझे मार्गदर्शक सर प्रयोग तपासायला येणार होते, त्या सकाळीही आबांनी काचा लवकर दिल्या नाहीत. मी चिडलो. ते धूतच राहिले; वाफ एकसारखी पसरली, तेव्हाच काच माझ्या हाती दिली.

दुपारी सरांसमोर थर निळा झाला. मी आनंदाने ओरडलोच.

“आते परत कोरी करी दखाडा,” आबा म्हणाले.

काच पुन्हा कोरी करून दाखवायला मी बॅटरीच्या तारा उलटवल्या. निळा रंग गेला, थर टिकला. तेव्हा कुठे ते हसले.