देवीच्या मुखवट्याचं शूटिंग

आमच्या गावात शूटिंग झाल्यापास्नं कट्ट्यावर दुसरा विषयच न्हाई. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा आपला सुरू करतोय!

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावातनं देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला, तवा मी बालवाडीत. चोर अजून घावला न्हाई. त्या चोरीवर आता टीव्हीवाले पिक्चर काढाय आले.

देवळाची किल्ली बापू गुरवाकडं असायची, म्हणून गावाचा संशय त्यांच्यावरच. बापू स्वतःचाच रोल करायला तयार झाले, पण म्हणाले, "शेवटाला मी चोर न्हाई, येवढं दाखवा."

डायरेक्टर म्हणाला, "बापू, केस सुटलेलीच नाही. कसं दाखवू?"

तरी बापू रोज सगळ्यांच्या आधी सेटवर!

* * *

डायरेक्टरनं गावाला विचारलं, "तुमचा संशय कुणावर?" ज्याचं बांधावरनं ज्याच्याशी भांडण, त्यानं त्याचं नाव घेतलं! आमच्या चुलत्यानं तर सख्ख्या भावाचं, आमच्या आप्पांचंच. आप्पा शेजारच्या खुर्चीत!

* * *

चोराचा रोल कोण घेईना. मी घेतला. तोंडाला काळं फडकं बांधून भिंतीवरनं उडी मारायची, बास.

आई म्हणाली, "मेल्या, लोक चालीवरनं वळखत्यात!"

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर दुकानदारानं गल्ला आत नेला.

"काका, ॲक्टिंग हाय ती!"

"व्हय रं, पण लय खरी वाटली!"

* * *

शूटिंगचा मुखवटा फायबरचा, वरनं चंदेरी रंग. पण देवळात ठेवल्या ठेवल्या बायकांनी नारळ फोडून आरती धरली. डायरेक्टर "कट, कट" वरडतोय, आरती थांबंना. शेवटी त्यानं बी परसाद घेतला!

* * *

बापूंच्या हातात मुखवटा आला की रांगोळीनं घासायची सवय. फायबरचा बी घासला. समदा रंग हातावर! सामानवाला सनी रडकुंडीला आला.

बापू म्हणाले, "आमच्या देवीचा घासला की उजळायचा रं."

* * *

शेवटच्या दिवशी गावानं टीव्हीवाल्यांना मटणाचं जेवण दिलं. सेट मोकळा टाकून अख्खं गाव शाळेत पंगतीला, बापू डायरेक्टरच्या मांडीला मांडी लावून.

परत आलो. मुखवटा जागेवर. बापूंनी नुसता उचलायचा, येवढाच शॉट. सनी हात जोडून म्हणाला, "बापू, आज घासू नका!"

बापूंनी उचलला. दोन्ही हात वझ्यानं खाली गेले.

मी वरडलो, "बापू, ओव्हरॲक्टिंग नगं!"

बापू खाली बसले, रांगोळीची चिमूट घेतली न् घासाय लागले. रंग निघंना. मुखवटा उजळत चालला.

सनीनं पळत जाऊन सामानाची पेटी उघडली. फायबरचा मुखवटा पेटीतच व्हता.

समदं गाव एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागलं. डायरेक्टर "कट" म्हणायचं इसरला.

बापूंनी मुखवटा पोटाशी धरला न् म्हणाले, "आवं सायेब, आता तरी शेवट बदला की!"