हरणांची नोट

वाघ, हत्ती, गेंडे छापलेल्या नोटा जमवायचा मला नाद आहे. नेपाळची गेंड्याची नोट मिळाली तेव्हा रजा काढून दिवसभर ती न्याहाळत बसलो होतो. सोलापुरात बँकेच्या काउंटरवर बसत असल्यामुळे एखादी जुनी नोट कधीमधी आपसूकच समोर यायची.

एकदा कुंभारीच्या माळावर मेंढरं बसवलेले एक आबा आले. त्यांनी पासबुकातून पाच रुपयांची जुनी नोट काढली. तिच्यावर हरणांचा कळप होता, कडेला हळदीचा डाग.

"सायब, चालंल का ही?"

"आता कोण घेतंय, आबा? द्या, मी बदलून देतो," म्हणत मी कोरी दहाची नोट पुढे केली. आबा खूश होऊन गेले. असल्या नोटेवर जमवणारे कसे टपून असतात, ते मी त्यांना सांगितलं नाही. महिन्याभरात पुण्याच्या एका संग्राहकाला ती देऊन मी आफ्रिकेतल्या हत्तींची नोट घेतलीसुद्धा.

मग त्यांची बायको आली.

"सायब, हरणाची नोट तुमच्याकडं हाय न्हवं? म्हाताऱ्यानं मला न इचारता आणली. सासरी निघताना आईनं मुठीत दिली हुती. आईचं दुसरं काय बी न्हाय माज्याकडं."

"बघतो," एवढंच म्हणालो. संध्याकाळी पुण्याला फोन केला. नोट केव्हाच पुढे गेली होती, कुणाकडे ते त्यालाही आठवत नव्हतं. मग मी जुन्या नोटांच्या एका दुकानदाराकडून तसलीच दुसरी मिळवली, करकरीत, आणि आबांची बायको पुन्हा बँकेत आल्यावर तिच्या हातावर ठेवली.

तिनं दाराच्या उजेडात जाऊन नोट उलटीपालटी केली.

"हरणं तीच हायती की. पर ही माजी न्हवं."

"मावशी, तुमची मी देऊन टाकली. मला तिची किंमत माहीत होती, तरी आबांना बोललो नाही."

तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं नोट काचेखालून माझ्याकडे सरकवली. "ही बी कुणाच्या तरी आईची आसंल. ज्याची त्याला द्या."

ज्याच्याकडून घेतली त्या दुकानदाराला विचारलं, तर तो हसला. "साहेब, गठ्ठ्यानं येतात. कुणाची ते कसं सांगू?"

ती अजून पैसे काढायला येते. अंगठा उठवते आणि जाताना विचारते, "बरं हाय न्हवं, सायब?"

मी मान वर न करता हो म्हणतो.