राणीचं काय झालं

माझ्या पप्पांचं नाव एका राजावरून ठेवलेलं होतं. फ्रान्सचा राजा, सातेकशे वर्षांपूर्वीचा. मेल्यावर चर्चनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. रत्नागिरीत आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकीच. आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, आणि शेजार सगळा मासेमारी करणाऱ्या खारव्यांचा. पप्पा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात फिटर होते. त्यांना शिक्षण फारसं नव्हतं, पण या राजाचं चरित्र त्यांना तोंडपाठ होतं. ऑगस्ट संपता संपता त्या संताचा सण यायचा आणि दरवर्षी आम्हाला ते ऐकावं लागायचं.

मिसरूड फुटायच्या आधी त्याचा बाप गेला आणि तो गादीवर बसला. राज्य आईनं सांभाळलं. ती बाई इतकी कडक, की पोराला सांगायची, तुझ्या हातून मोठं पाप घडण्यापेक्षा तू माझ्यासमोर मेलेला मला चालेल. राजा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, अकरा मुलं झाली. रोज वाड्यात भिकाऱ्यांची पंगत बसायची आणि तो स्वतः वाढायचा. त्यांचे पाय धुवायचा. एका मठात कुष्ठरोग झालेला साधू होता, त्याला हा राजा हातानं घास भरवायचा. पुढे तो धर्मयुद्धावर गेला, शत्रूच्या कैदेत पडला, सुटला. म्हातारपणी पुन्हा गेला. तिथं ट्युनिसच्या किनाऱ्यावर हगवणीच्या साथीत आधी त्याचा तरणा मुलगा गेला आणि मागोमाग तो. राखेवर झोपून त्यानं प्राण सोडला.

"राखेवर," पप्पा म्हणायचे, "आणि राजा होता तो."

सणाच्या दिवशी पप्पा बंदरावरून चार-सहा खलाशी घेऊन यायचे. बहुतेक कर्नाटकातले, नाहीतर नेपाळचे. इथं त्यांचं कुणी नसायचं. पडवीत बसवून पप्पा तांब्यानं त्यांच्या पायांवर पाणी घालायचे. ती माणसं लाजून पाय मागं घ्यायची. मग मटण-वडे. त्यांचं झालं की आम्ही. आई आत वडे तळत असायची. ती कधी जेवायची ते मला आठवत नाही.

मी नववीत होते त्या वर्षी सणाला आलेला एक खलाशी परत गेलाच नाही. तो कारवारकडचा होता, अंगानं काटकुळा, आणि सारखा खोकत होता. ट्रॉलरवाल्यानं त्याला कामावरून काढलं होतं आणि तो जाळ्यांच्या शेडमध्ये पडून असायचा. पप्पा त्याला सिव्हिलला घेऊन गेले. क्षय निघाला. गोळ्या फुकट मिळाल्या, पण त्या वेळच्या वेळी कोण देणार, आणि पोटात अन्न नसताना घेणार तरी कसा? पप्पांनी त्याची वळकटी आमच्या पडवीत आणून टाकली.

आई उंबऱ्यात उभी राहिली. माझा धाकटा भाऊ तिच्या कडेवर होता. चार वर्षांचा होता, पण पावसाळा आला की त्याला दम लागायचा, म्हणून अजून कडेवरच असायचा.

"अहो, पोर आहे घरात."

"पडवीत झोपेल तो. आत कशाला येतोय?"

"पोर पडवीत जातंय ना."

"नको जाऊ देऊस."

"दुसरीकडे सोय करा त्याची. हॉस्पिटलात ठेवा, फादरना विचारा. मी त्याला डबा पाठवीन दोन्ही वेळचा. पण इथं नको."

पप्पा आवाज चढवत नसत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "राजानं रोग्याला बाहेर ठेवलं नाही."

आईनं आणखी दोनदा सांगितलं. एकदा माझ्यासमोर, एकदा फादरांसमोर. फादर म्हणाले, औषध सुरू झालं की धोका कमी होतो. ते खोटं नव्हतं.

तो खलाशी माणूस चांगला होता. माशांच्या खोक्यांतल्या थर्माकोलच्या तुकड्यांचे तो ट्रॉलर करायचा, खिळ्यांच्या डोलकाठीसकट. माझा भाऊ दिवसभर त्याच्याभोवती. आई ओढून आत आणायची, तो पुन्हा बाहेर.

दिवाळीनंतर भावाला ताप यायला लागला. बारीक ताप, उतरायचा आणि परत चढायचा. मग उलट्या. मग तो डोकं धरून रडायला लागला आणि एका सकाळी त्याची मान वळेना. सिव्हिलमधून कोल्हापूरला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये मीही होते. आंबा घाटात प्रत्येक वळणावर त्याचं डोकं आईच्या मांडीवरून घसरत होतं आणि ती ते दोन्ही हातांनी धरून बसली होती. क्षय मेंदूच्या आवरणात गेला होता. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.

पप्पांनी डॉक्टरांना विचारलं, आमच्या पडवीतल्या माणसाचाच का? डॉक्टर म्हणाले, "असं छातीठोक नाही सांगता येत. बंदरावर खोकणारी माणसं काय थोडी आहेत?" पप्पांनी ते वाक्य जपून ठेवलं. आईनं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

दफन करून आलो तेव्हा फादर घरी आले. आईसमोर खुर्ची ओढून बसले आणि समजावू लागले. "तुमच्या घरात तर त्या राजाची भक्ती आहे. त्यानंही पोटचा मुलगा गमावला. तरी श्रद्धा ढळली नाही त्याची."

आईनं वर पाहिलं. "फादर, त्या पोराला आई होती ना?"

"होती. म्हणजे, राणी होती."

"राणीचं काय झालं?"

फादरांनी चहाचा कप उचलला. "तीही मोठी धर्मशील बाई होती," म्हणाले आणि त्यांनी चहा संपवला.

पडवीत तो खलाशी पिशवी भरत होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. आई उठली, बाहेर गेली. मला वाटलं, आता ही त्याला मारणार.

"कुठं निघालास?"

त्यानं बंदराकडे बोट केलं.

"गोळ्या पुऱ्या झाल्याशिवाय हलायचं नाही इथून. तू पण मेलास तर माझं पोर कशासाठी गेलं?"

तो राहिला. रोज सकाळी आई गोळ्या त्याच्या हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. भाकरी, पेज, अंडं, सगळं द्यायची. एक शब्द बोलायची नाही. उन्हाळ्यात त्याची थुंकी तपासली, ती स्वच्छ आली. निघताना तो तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतले. नंतर कळलं, कर्नाटकात मालप्याच्या बंदरावर त्याला काम मिळालं आणि त्यानं लग्नही केलं.

पप्पांनी त्यानंतर राजाची गोष्ट सांगितली नाही. आई त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतं. गॅस संपलाय. पाणी आलंय.

मी नर्सिंगला गोव्याला गेले. होस्टेलवर एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांना एकदा मी सहज विचारलं, त्या राजाच्या राणीबद्दल काही माहीत आहे का? त्या हसल्या. "तिच्याबद्दल कुणी विचारत नाही गं," म्हणाल्या आणि सांगू लागल्या.

सासूला ती डोळ्यांसमोर नको असायची. नवरा-बायको दोन मजल्यांमधल्या जिन्यात चोरून भेटायची. सासू आली की नोकर दारावर काठी वाजवायचे. एकदा बाळंतपणात राणी मरणाच्या दारी होती, तिथूनही सासू राजाला हाताला धरून घेऊन चालली. पहिल्या युद्धात राणी त्याच्याबरोबर समुद्रापार गेली. तो कैद झाल्याची बातमी आली तेव्हा तिचे दिवस भरले होते, ती होती त्या शहराला शत्रूचा वेढा पडायच्या बेतात होता. तिनं एका म्हाताऱ्या सरदाराला पलंगाशी बसवून वचन घेतलं, शत्रू आत आलाच तर आधी माझं मुंडकं उडव. तो म्हणाला, मी ते ठरवूनच बसलोय. अशात मुलगा झाला. त्याचं जे नाव ठेवलं, त्याचा अर्थ दुःख.

"आणि ट्युनिसला राजाबरोबर जाऊन मेला," सिस्टर म्हणाल्या, "तो हाच."

सुट्टीत घरी आल्यावर मी हे सगळं आईला सांगितलं. ती मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

"नवऱ्याला संत केलं तेव्हा ती होती का?"

"नाही. दोन वर्षं आधी गेली."

"आणि दुसऱ्या वेळी तो पोराला घेऊन निघाला, तेव्हा तिनं अडवलं नाही?"

"माहीत नाही. सिस्टरनी तसं काही सांगितलं नाही."

"अडवलं असेल," आई म्हणाली. "बाईनं अडवलेलं कोण लिहून ठेवतो?"

पप्पा दाराशी उभे होते. केव्हापासून, ते मला कळलं नाही. ते चपला घालून बंदराकडे निघून गेले आणि दिवेलागणीला परत आले.

काही वर्षांनी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी तोवर रत्नागिरीतच नोकरीला लागले होते. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं आई करायची. मी नर्स असून मला हात लावू द्यायची नाही. एके दुपारी ती त्यांना पेज भरवत होती. त्यांनी तोंड मिटून घेतलं. बराच वेळ काही जुळवत राहिले. मग एकेक अक्षर ओढत म्हणाले, "तू... अडवलं होतंस."

"हो," आई म्हणाली.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली, डोळे पुसले नाहीत, आणि पुढचा चमचा भरला.

पप्पांच्या दफनाला सगळं बंदर लोटलं. खलाशी आले, खारवी आले, बर्फवाले आले. जागा कमी पडली म्हणून बायका रस्त्यावर उभ्या होत्या. नवे फादर प्रवचनात म्हणाले, असा माणूस मी संतांच्या चरित्रांतच वाचला होता. आई पहिल्या बाकावर ताठ बसून होती.

आता ती माझ्याकडे असते. बाजारात मासे घ्यायला गेलो की अजूनही कुणीतरी ओळखतं. परवा एका म्हाताऱ्या खारविणीनं तिचा हात धरला. "बाय, तुझा नवरा म्हणजे देवमाणूस गो. नशीबवान तू."

आईनं मान हलवली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि उतारावरून सावकाश चालायला लागली.