मनकर्णाबाईची पात

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी लोक राळा हे बारीक धान्य पेरत, आणि राळ्यातच त्याचा रानटी भाऊबंद उगवे. केसाळ कणीस बाहेर पडेपर्यंत दोघं सारखेच दिसत. त्याआधी ते वेगळे ओळखणारी गावात एकटी मनकर्णाबाई. रानटी रोपाचं बूड तांबूस आणि चपटं, पेरलेल्याचं हिरवं आणि गोल. ती धड पाहायचीही नाही, बोटांनी चाचपून उपटायची. म्हणूनच वीस वर्षं निंदणाच्या, तण उपटण्याच्या दिवसांत तिला कुणी गावाबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

यंदा रोहिणखेडला तिची लेक बाळंत झाली. मनकर्णाबाईनं शेतमालक हिंमतराव पाटलांकडे चार दिवस मागितले.

"तू गेली तं राळा कोणता अन् गवत कोणतं, हे मले कोण सांगन?" पाटील म्हणाले. "निंदण झालं की जाय."

निंदण संपायला अजून महिना होता. तिचं डोकं फिरलं. आज चांगला राळाच उपटायचा, आपली पात, निंदायला वाट्याला आलेला पट्टा, उजाड करायची, म्हणजे पाटील स्वतःच हाकलून देतील, असं ठरवून ती शेतात बसली. मनात पाटलाला शिव्या घालत, न पाहिलेल्या नातवाचं तोंड डोळ्यांपुढे आणत ती भराभर पुढे सरकत राहिली.

दुपारी पाटील बांधावर आले. "तुह्यासारखी पात कोणाची नाही, मनकर्णा," ते म्हणाले.

तिनं मागे वळून पाहिलं. राळा ओळीनं ताठ उभा होता. मग तिनं हातातली मूठ उघडली. सगळी बुडं तांबूस होती.